अडवून ठेवलेले पाणी

मी, सौलिना, हुतासोइत कुळातली लेक, वय वर्षे सेहेचाळीस, अविवाहित, पूर्वी मंडळीची पाळक व नंतर ईश्वरविद्या महाविद्यालयात शिक्षिका, राहणार लुंबान हरिआरा, दोलोक सांगुलजवळ, उत्तर सुमात्रा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्या यकृतावर गाठ आहे. ती काढायला येत्या मंगळवारी मला मेदानच्या इस्पितळात नेणार आहेत. डॉक्टर "बघू" एवढेच म्हणाले. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. स्मरणशक्तीही शाबूत आहे, आणि जिथे तिच्यावर माझा भरवसा नाही तिथे जुन्या वह्या उघडून ताडून पाहिले आहे.

आमच्याकडे मृत्युपत्राच्या आरंभी आपला आत्मा देवाच्या हाती सोपवण्याची रीत आहे. ती मी पाळते. त्या हाताबद्दल मी आयुष्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी शिकवल्या, म्हणून इथे अधिक लिहीत नाही.

कलम १. माझे लाकडी घर, त्याखालची जागा आणि मागची कॉफीची झाडे माझ्या पगारातून घेतलेली आहेत, वडिलार्जित नाहीत. ती सर्व माझा मोठा भाऊ सहाट याची थोरली मुलगी तिओमिना हिला मिळावीत. रीतीप्रमाणे ती भावाच्या मुलग्यांकडे जायला हवीत, हे मला ठाऊक आहे. मी कॉलेजला निघाले त्या दिवशी मांगिहुतकाका अंगणात सगळ्यांदेखत म्हणाले होते, "पोरीला शिकवा, म्हणजे डुक्कर पोसा आणि दुसऱ्याच्या लग्नात कापा." काका आता नाहीत. हे कलम मी त्यांच्यावर सूड उगवायला लिहिते आहे का, असे मी स्वतःला विचारले. थोडेसे आहे. तरी कलम तसेच ठेवते.

कलम २. बँकेत जे काही असेल ते आधी इस्पितळाचे. उरलेच, तर गावाच्या ऊदाच्या रानाचा खटला चालवणाऱ्या समितीचे. कागदाच्या गिरणीने आमच्या आज्यापणज्यांनी राखलेली ऊदाची झाडे तोडून निलगिरी लावली, तेव्हापासून तो खटला चालू आहे.

कलम ३. पुस्तके तीन पेट्यांत आहेत. पेट्यांवर मी वर्षे लिहिली आहेत, विषय नाहीत. पहिल्या पेटीतल्या पुस्तकांचे म्हणणे असे की तारणाला दार एकच : विश्वास आणि बाप्तिस्मा. दुसऱ्या पेटीचे म्हणणे, तारण मेल्यानंतर नव्हे, इथेच. उपाशी माणसाला अन्न आणि लुटलेल्याला जमीन मिळते तेव्हा. तिसरी पेटी म्हणते, देवाची माया शेवटी एकालाही बाहेर ठेवणार नाही. तिन्ही पेट्या महाविद्यालयाला द्याव्यात, पण कपाटात शेजारी शेजारी ठेवाव्यात. तिथले माझे सहकारी पांदापोतान शिक्षकांच्या खोलीत मला म्हणायचे, "सौलिना, तुमचा देव दर निवडणुकीला पक्ष बदलतो हो." सगळे हसायचे, मीही हसायचे. त्यांच्याबद्दलचा माझा राग मी इथे सोडते. ते खरे बोलत होते. फक्त पक्ष देव बदलत नव्हता.

कलम ४. वडिलांची ऊद काढायची हत्यारे, म्हणजे साल खरवडायचा सुरा, खाच पाडायची छिन्नी आणि झाडावर चढायचा काथ्याचा दोर, सहाटदादाला द्यावीत. वडील गेल्यावर ती मी कुलपात ठेवली, दादाने दोनदा मागूनही दिली नाहीत. मी कधी झाडावर चढलेले नाही. ती ठेवून घेण्याचे कारण राग होते, आणि त्या रागाची हकीकत सांगितल्याशिवाय पुढचे कलम समजणार नाही.

सन २००० च्या जून महिन्यात दादा एका नव्या मंडळीत गेला. हे लोक शाळेच्या मैदानावर मांडव घालून गात असत. लहानपणी डोक्यावर शिंपडलेले पाणी ते मोजत नाहीत. माणसाने जाणतेपणी नवा जन्म घ्यावा आणि पुरते बुडून वर यावे, असे त्यांचे मानणे. दादाने तोबा सरोवरात जाऊन तसा बाप्तिस्मा घेतला. घरी येऊन त्याने वडिलांच्या अंगावर घातलेली विणलेली शाल, आमची उलोस, अंगणात जाळली, कारण तिच्यात भुते राहतात असे त्याला सांगितले होते. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, आमच्याच गावच्या मंडळीची पाळक. आमच्या नियमाप्रमाणे दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेणाऱ्याचे नाव नोंदवहीतून कमी होते. सख्ख्या भावाचे नाव मी स्वतःच्या हाताने खोडले. चहाच्या टपरीवर लोक मोठ्याने म्हणायचे, "पाळकबाई गावाला तारायला निघाल्यात, आणि त्यांचाच भाऊ जाळ्यातून निसटला!" मी रस्ता बदलून जायला लागले.

कलम ५. हे कलम मालमत्तेचे नाही. माझ्यापाशी जे दुसऱ्याचे राहून गेले आहे त्याचे आहे.

मंगळवार, ८ ऑगस्ट २००० रोजी सहाटदादाची बायको रोमियानवहिनी सातव्या महिन्यात बाळंत झाली. पहिलटकरीण होती. मुलगा झाला. सुईण हेर्ताबाईंनी सांगितले, फुप्फुसे कच्ची आहेत, थंडीत मेदानपर्यंत नेला तर वाटेतच जाईल. वहिनी आमच्या मंडळीची, पंचाच्या घरात वाढलेली. बुधवारी तिने निरोप धाडला : पाणी घालायला या. मी गुरुवारी गेले. बाप्तिस्म्याची वाटी माझ्या पिशवीत होती.

दादा दारातच बसला होता. मी पिशवीतून आधी कागद काढला.

"हे काय?"

"पश्चात्तापाचा कबुलीजबाब. सही कर, रविवारी मंडळीसमोर उभा राहा. मग बाळाचं करू."

"पापातून बाहेर आलो त्याचा पश्चात्ताप करू? सौली, ही मंडळी आहे की तलाठ्याची कचेरी?"

"तू नियमाबाहेर गेलायस, दादा."

"माझ्या पोराला तुझं पाणी नकोच आहे. लेकरू आहे ते. त्यानं काय पाप केलंय? प्रभू लेकरांना तसाच जवळ घेतो."

आतून, बिछान्यावरून, वहिनीचा आवाज आला, "वन्सं, तुम्हां बहीणभावाचं नंतर होऊ द्या. आधी पाणी घाला ना."

"रविवारी, वहिनी," मी म्हटले. "दादाला समजवा."

"रविवार लांब आहे हो."

मी वाटी पिशवीतून काढली नाही. शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी मूल गेले. बाप्तिस्मा नाही म्हणून घंटा वाजवली नाही, प्रार्थनेचा विधी केला नाही, नोंद केली नाही. कबरस्तानाच्या खालच्या अंगाला, जिथे बिननावाची मुले पुरतात, तिथे दादाने स्वतः खड्डा खणला. त्या दिवसाची माझी वही समोर आहे. तिच्यात लिहिले आहे : "भाऊ म्हणून सूट दिली नाही. मन शांत आहे."

मन शांत होते, हे खरे असावे. वहीत मी खोटे लिहीत नसे.

आता नियमाचे. एकोणीस वर्षे मी लोकांना सांगत आले की तेव्हा माझे हात नियमाने बांधलेले होते, आणि आता माझे विचार बदलले आहेत. हे असत्य आहे. आमच्या उपासनेच्या पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे की मूल मरणाच्या दारात असेल तर आईबापांचा दोष बघायचा नाही, परवानगीसाठी थांबायचे नाही, पाळक नसेल तर बाप्तिस्मा झालेला कोणीही माणूस, बाईसुद्धा, तीनदा पाणी घालून बाप्तिस्मा देऊ शकतो, आणि तो पुरा धरला जातो. हे मी रविवारच्या वर्गात शिकवत असे. त्या गुरुवारी दारात उभी असताना मला ते आठवत होते. मी बोलले नाही. जळालेली शाल आणि टपरीवरचे हसणे यांची वसुली मला दादाकडून करायची होती, आणि माझ्या हातात तेवढे एकच हत्यार होते.

कलम ६. त्यानंतर वहिनीने मला दोनदा एकच प्रश्न विचारला, आणि तिसऱ्यांदा मीच आपणहून उत्तर द्यायला गेले. तिन्ही वेळची माझी उत्तरे इथे लिहून ठेवते, कारण ती मोठ्या अभ्यासाने दिलेली होती.

पहिल्यांदा मातीच्या दिवशीच. "वन्सं, माझं पोर कुठं गेलं?" मी म्हटले, "बाप्तिस्मा नव्हता, वहिनी. मंडळीला त्याबद्दल काही बोलता येत नाही."

दुसऱ्यांदा २००८ साली. तोपर्यंत मी महाविद्यालयात शिकवू लागले होते, माझी दुसरी पेटी भरत आली होती. गिरणीची यंत्रे रानात शिरू नयेत म्हणून गावच्या बायका रस्त्यावर चटया टाकून बसल्या होत्या, आणि मी त्यांच्यापुढे तारणावर बोलले. भाषण चांगले झाले. नंतर भाताच्या पुड्या वाटताना वहिनी शेजारी येऊन बसली. तोवर तिला तीन मुले झाली होती. तरी तिने तेच विचारले. मी उत्साहात होते. "वहिनी, तारण म्हणजे मेल्यावर कुठं जायचं त्याचा पत्ता नव्हे. ही झाडं वाचणं, आपली माणसं ताठ उभी राहणं, हेच तारण."

ती पुडीचा दोरा सोडवत राहिली. मग म्हणाली, "बरं. म्हणजे झाडं वाचतील."

तिसऱ्यांदा २०१५ साली, आईच्या पहिल्या स्मरणदिनाच्या उपासनेनंतर. तेव्हा मी तिसऱ्या पेटीत बुडालेली होते. वहिनी मासा साफ करत होती. मी स्वतःहून म्हटले, "वहिनी, तुम्ही मागे विचारलं होतंत ना? मला आता खात्री आहे. शेवटी सगळेच तारले जातात. कोणीच बाहेर राहत नाही."

"सगळेच?"

"सगळेच."

"ह्यांना सरोवरात बुडवणारा तो बुवापण?"

"तोपण."

"मांगिहुतकाका?"

"काकासुद्धा."

"आणि तुम्ही?"

"मी... हो."

तिने सुरी खाली ठेवली. "मग त्या दिवशी पाणी कशापायी अडवलंत, वन्सं? सगळेच जायचे होते तर आमच्याच दारात जकात नाका कशाला?"

घरी येऊन वहीत मी लिहिले : "चांगला प्रश्न. यावर लेख लिहिता येईल." लेख लिहिला. छापून आला. त्यात वहिनीचे नाव नाही.

आज माझे मत काय, असे कोणी विचारील. तिन्ही पेट्यांत काही ना काही खरे आहे, असे मला वाटते. पण मी दर वेळी पुस्तक बदलले, आणि दर वेळी माझी गोष्ट मात्र टाळली. "चुकले माझे" हे वाक्य कोणत्याच पेटीत सापडत नाही. ते माणसाला स्वतःच म्हणावे लागते, आणि ते मी म्हटलेले नाही.

कलम ७. माझ्या सत्तावीस वह्या तिओमिनाने ठेवाव्यात किंवा जाळाव्यात, तिच्या मर्जीवर. मंडळीच्या दफनाच्या नोंदवहीत ११ ऑगस्ट २००० या तारखेला एक ओळ घालावी, अशी विनंती : "सहाट हुतासोइत यांचा मुलगा, वय चार दिवस, नाव नाही, बाप्तिस्मा नाही, दोष पाळकाचा." मृत्युपत्राने मंडळीला हुकूम देता येत नाही, म्हणून विनंती म्हणते.

एवढे काल संध्याकाळी लिहून झाले होते. मृत्युपत्रावर सही करताना साक्षीदारांनी समोर असावे लागते. म्हणून आज, शनिवारी सकाळी, मंडळीचे जुने पंच बारिंगिन मानुल्लांग आणि सुईण हेर्ताबाई माझ्या घरी आले. वहिनीलाही मी बोलावले. कलम ५ तिने माझ्या तोंडून ऐकावे, मी मेल्यावर दुसऱ्याच्या तोंडून नको, असे मला वाटले. दादा सोमवारपासून ऊदाच्या रानात आहे. वहिनी येताना कॉफीच्या बियांचे सूप घेऊन आली आणि वाचन चालू असताना खराब बिया वेचत बसली. काकांचे वाक्य आले तेव्हा बारिंगिनपंच खो खो हसले. "अगदी असंच म्हणाला होता तो! आणि वर माझ्याच पैशानं ताडी प्यायला." मी पुढे वाचत गेले. कलम ५ मधले नियमाचे वाक्य झाले, तेव्हा वहिनीचा हात सुपात थांबला. यापुढचे कलम त्यानंतर लिहिले आहे.

कलम ८. पुरवणी.

"थांबा, वन्सं. ते परत वाचा."

मी परत वाचले : बाप्तिस्मा झालेला कोणीही माणूस, बाईसुद्धा.

"बाईसुद्धा?"

"हो."

"आई?"

"आईसुद्धा."

"हे पुस्तकात आहे? का हे तुमचं चौथं?"

पंचच बोलले, "पुस्तकात आहे गं, पोरी. जर्मन पाळकांच्या वेळेपासून आहे. शेवटच्या पानांत आहे, म्हणून कोणी वाचत नाही."

वहिनीने सूप बाजूला ठेवले. तिने आपल्या हातांकडे पाहिले. मग हेर्ताबाईंकडे बघून बोलू लागली, माझ्याकडे नाही.

"मी घातलं होतं. शुक्रवारी. हे शेजारच्यांकडे मोटारसायकल मागायला गेले होते. पोर निळं पडायला लागलं. किटलीतलं पाणी होतं, उकळून निवलेलं. तीनदा घातलं. बापाच्या नावानं, लेकाच्या नावानं... आत्म्याचं म्हणताना घाई झाली जरा. पण म्हटलं."

मी हातातले कागद खाली ठेवले.

"वहिनी," मी म्हटले, "सांगितलं का नाहीत?"

"कुणाला सांगायचं? ह्यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, स्वच्छ लेकरावर कसला पाण्याचा खेळ करतेस. आणि तुम्ही? तुम्ही तर सहीचा कागद घेऊन आलेलात. मला वाटलं, पाळकाचं काम बाईनं केलं, तेही चोरून. त्याचा दोष पोरावरच गेला असेल तर? म्हणून आडून विचारायची. कुठं गेलं माझं पोर, कुठं गेलं. तुम्ही दर खेपेला लांबलांबचं सांगायच्या."

"नुसतं एवढं विचारायचं तरी, आईच्या हातचं चालतं का म्हणून."

"तुम्ही तरी कधी विचारलंत, वन्सं? रोमियान, त्या दिवशी तू काय केलंस, म्हणून?"

मी विचारले नव्हते. वह्यांत शोधायची गरज नाही, एकदाही नाही.

"ईस्टरच्या पहाटे," ती म्हणाली, "सगळं गाव कबरींवर जाऊन गातं. आपापल्या माणसाजवळ उभं राहून. मी खाली त्याच्याजवळ जायची आणि ओठ मिटून उभी राहायची. उठणार, उठणार असं गाणं त्याच्यासमोर कोणत्या तोंडानं म्हणू? एकोणीस ईस्टर झाले."

हेर्ताबाई रडत होत्या. वहिनी रडत नव्हती. मी खाली बसले आणि म्हटले, "चुकलं माझं, वहिनी."

"ते नंतर बघू," ती म्हणाली. "तुम्ही मंगळवारी जाणार, तुमचा काय भरवसा. आधी लिहायचं ते लिहा. तुंपाल नाव ठेवलंय त्याचं. पाणी घालतानाच ठेवलं. अजून ह्यांनापण सांगितलेलं नाही."

माझ्या सर्वांत कडक शिकवणुकीप्रमाणेही ते मूल त्या शुक्रवारपासून मंडळीचे होते. त्याला तारायला माझ्या दुसऱ्या पेटीची गरज नव्हती आणि तिसरीचीही नव्हती. त्याच्या आईला गरज होती ती एका वाक्याची, जे मला पाठ होते. ते मी एकोणीस वर्षे दिले नाही. पहिले काही दिवस रागाने, बाकी सारी वर्षे नुसत्या विद्वत्तेने. हे नुकसान भरून देण्याजोगे माझ्याकडे काहीही नाही, हे मी पूर्ण शुद्धीत नमूद करते.

सबब कलम ७ मधली दफनाच्या नोंदीची विनंती रद्द. तिच्या जागी पुढील नोंद मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या वहीत, सन २००० च्या पानावर, शाईने करावी. पंचांनी आजच ती करून घेण्याचे कबूल केले आहे. माझ्या मरणाची वाट पाहायची नाही.

नाव : तुंपाल हुतासोइत.
आईबाप : रोमियान, लुंबान गाओल कुळातली, व सहाट हुतासोइत.
जन्म : मंगळवार, ८ ऑगस्ट २०००.
बाप्तिस्मा : शुक्रवार, ११ ऑगस्ट २०००, राहत्या घरी.
बाप्तिस्मा देणार : मुलाची आई.
पाळकाची परवानगी : लागत नाही.

हे मृत्युपत्र मी साक्षीदारांसमोर पुरवणीसह पुन्हा वाचून दाखवले आहे. दादा रानातून आला की त्याला हत्यारे आणि मुलाचे नाव, दोन्ही वहिनीच देईल. नाव सांगण्याचा हक्क माझा नाही.

ठिकाण : लुंबान हरिआरा. शनिवार, १२ ऑक्टोबर २०१९.

लिहून देणार : सौलिना हुतासोइत (सही)

साक्षीदार : बारिंगिन मानुल्लांग, मंडळीचे पंच (सही)

साक्षीदार : हेर्ता सिमामोरा, सुईण, जन्माच्या वेळी हजर (सही)

वरील बाप्तिस्म्याच्या नोंदीपुरती, बाप्तिस्मा देणारीची सही : रोमियान, तुंपालची आई